चेडरला सकाळ पुरते, उरलेला दिवस वेल्सला द्या

इंग्लंडात साडेपाच-सहा हजार वस्तीच्या गावाला 'मोठं खेडं' म्हणतात. सॉमरसेट परगण्यातलं चेडर हे असंच मोठं खेडं. आपल्या उचगाव-पाचगावापुढं ते वाडी ठरेल. तिथून तेरा किलोमीटरवर वेल्स (Wells) हे गाव; कार्डिफ ज्यात आहे तो वेल्स (Wales) देश वेगळा. वस्ती जेमतेम अकरा हजार, तरी त्याला 'सिटी' म्हणायचं, कारण गावात कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, आहे. ब्रिस्टल, बाथ, कार्डिफकडं मुलं नोकरीला असलेल्या कोल्हापूरकर आईवडलांना ही जोडी एका दिवसात हमखास दाखवली जाते.

जोडी चांगलीच आहे, चुकते ती दिवसाची वाटणी. चेडरची घळ, तिकिटाच्या गुहा आणि भेटवस्तूंची दुकानं यातच दुपारचे तीन वाजतात. वेल्सला पोचेपर्यंत तिथली दुकानं आवराआवर करू लागलेली असतात आणि कॅथेड्रल बाहेरून फोटोपुरतं उरतं. चेडरला तीन तास पुष्कळ झाले. वेल्सला चार ठेवा.

वार शक्यतो बुधवार धरा. वेल्सचा बाजार बुधवारी आणि शनिवारी भरतो. शनिवारी घळीतल्या अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. रविवारी कॅथेड्रलमध्ये प्रार्थना असल्यानं आत हिंडण्यावर मर्यादा येते, दुकानं चारच्या सुमारास बंद होतात आणि बसही कमी असतात. हिवाळ्यात जाणार असाल तर घाई आणखी वाढते: डिसेंबरात चारलाच अंधार पडतो. जूनमध्ये मात्र रात्री नऊपर्यंत उजेड असतो.

ब्रिस्टलहून मोटारीनं ए-३८ वरून दक्षिणेला आणि मग ए-३७१ धरला की पाऊण तासात चेडर. पर्यटक म्हणून गेलेल्याला भारतीय परवान्यावर बारा महिने गाडी चालवता येते, आणि रस्त्याची बाजूही आपलीच, डावी. घोळ होतो तो आकड्यांत. पाट्या मैलात असतात, 'वेल्स ८' म्हणजे आठ किलोमीटर नव्हे, तेरा. वेगाच्या पाटीवरचा ३० म्हणजे ताशी ४८ किलोमीटर. नातवंडं बरोबर असतील तर वयाची १२ वर्षं किंवा १३५ सेंटिमीटर उंची, यातलं जे आधी होईल तोवर त्यांना लहान मुलांची वेगळी सीट लागते. मांडीवर घेऊन बसणं तिथं चालत नाही. गाडी लावायला पैसे पडतात आणि ते बऱ्याचदा फोनवरून भरायचे असतात. उंच कड्यांमध्ये सिग्नल येतो-जातो, म्हणून पार्किंगचं ॲप घरातूनच उतरवून, कार्ड जोडून ठेवा.

बसनं जायचं तर वाट वेल्सवरून आहे, क्रम मात्र तोच ठेवा. ३७६ नंबरची बस ब्रिस्टलहून वेल्सला येते, आणि वेल्सहून चेडरला १२६. वेल्सला बस बदलायची, आधी चेडर उरकायचं आणि दुपारी परत वेल्स. चेडरहून परतीच्या बसची वेळ सकाळीच फोनमध्ये टिपून घ्या. आपल्याकडं रंकाळा स्टँडवर एक चुकली तर मागून दुसरी येते, तसं इथं नाही. रेल्वेचं नाव काढू नका. १८६९ साली आलेल्या लोहमार्गावरच्या प्रवासी गाड्या १९६३ मध्ये थांबल्या. या खोऱ्यातली स्ट्रॉबेरी त्या गाडीनं जायची म्हणून तिला 'स्ट्रॉबेरी लाइन' म्हणत. याटन ते चेडर या तिच्या पट्ट्यावर आता सायकलवाट आहे. स्ट्रॉबेरी अजूनही होते, पण महाबळेश्वरच्या उलट, जून-जुलैत. रस्त्याकडेला पेटी दिसली तर घ्या.

घळ म्हणजे चुनखडीच्या डोंगराला पडलेली वाकडीतिकडी चीर, आणि तिच्या तळातून जाणारा रस्ता. कडे सर्वांत उंच जागी १३७ मीटर भरतात. हिमयुगात जमीन गोठलेली असल्यानं बर्फ वितळून आलेल्या पाण्याला मुरायला वाव नव्हता. ते वरूनच धावलं आणि त्यानं डोंगर चिरला. पुढं जमीन उबली तसं पाणी चुनखडीत मुरून खाली गेलं, आणि आजही नदी घळीतून न वाहता गुहांच्या पोटातून येऊन खालच्या अंगाला बाहेर पडते. आपला काळा कातळ असा विरघळत नाही. म्हणून आपल्याकडं गुहा म्हटलं की डोळ्यांपुढं छिन्नीनं कोरलेलं लेणं येतं. इथं कोरणारा हात पाण्याचा.

घळ बघायला तिकीट नाही, हे कुणी ठळकपणे सांगत नाही. रस्त्यानं वर चालत गेलं की वीसेक मिनिटांत कडे अंगावर येतात. गुडघेदुखी असली तरी एवढं जमतं. फक्त वरच्या वळणांवर फूटपाथ संपतो आणि समोरून गाड्या येतात, तिथून मागं फिरावं. माथ्यावर जायला दोन वाटा आहेत. 'जेकब्ज लॅडर' नावाच्या २७४ पायऱ्या तिकिटाच्या आहेत. लिपिएट लेनवरून डावी-उजवी विचारत गेलं तर पायवाटेनं फुकट चढता येतं. हीच पायवाट दक्षिणेच्या कड्यावरून घळीच्या वरच्या टोकाला ब्लॅक रॉकपर्यंत उतरते, रस्ता ओलांडते आणि उत्तरेच्या कड्यावरून गावात परत येते. सगळी मिळून साडेसहा किलोमीटर, अडीच-तीन तासांची. पन्हाळ्याला पायथ्यापासून चढणाऱ्याला ती अवघड नाही, पण पावसानंतर पायाखालची चुनखडी साबणासारखी होते. कोल्हापुरी चप्पल कितीही प्रिय असली तरी इथं नको. खाचांचा तळ असलेले बूटच हवेत. छत्रीही नको, घळीत वारा एका तोंडानं शिरतो आणि छत्री उलटी करतो. टोपीचं जाकीट घ्या.

हा फेरा केला तर चेडरचे तीन तास इथंच संपतात आणि गुहा सोडावी लागते. सोडली तरी फार हुकत नाही. गॉफची गुहा चांगली आहे, वाट सिमेंटची, खाली लोंबलेल्या आणि वर वाढलेल्या खडकांवर दिवे सोडलेले. पण आंध्रातली बोरा गुहा बघितलेल्याला ती आकारानं लहान वाटणार. कुटुंबाची तिकिटं जड पडतात, म्हणून त्या दिवसाचे दर आधी ऑनलाइन बघा. गुहेचं खरं मोल तिथं सापडलेल्या माणसांत आहे. १९०३ साली इथं सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या माणसाचा जवळजवळ पूर्ण सांगाडा मिळाला. २०१८ मध्ये त्याच्या डीएनएवरून निघालं की त्याची कातडी काळीसावळी आणि डोळे निळसर असावेत. त्याहून जुनी, सुमारे १४,७०० वर्षांपूर्वीची, माणसाच्या कवटीपासून घडवलेली भांडीही याच गुहेत निघाली. मात्र तिथं दिसतो तो सांगाडा नक्कल आहे. अस्सल लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. आत बारा महिने ११ अंशांच्या आसपास तापमान असतं. जूनमध्येही स्वेटर लागतो.

आता चीज. चेडर चीज जगात कुणीही, कुठंही बनवून विकू शकतं, कारण या नावाला संरक्षण नाही. आपल्या दुकानातला चौकोनी तुकडाही नावानं चेडरच असतो. संरक्षण आहे ते 'वेस्ट कंट्री फार्महाउस चेडर' या पूर्ण नावाला: दूध सॉमरसेट, डेव्हन, डॉर्सेट किंवा कॉर्नवॉलचं आणि मुरवण किमान नऊ महिने. खुद्द चेडर गावात चीज बनवणारी डेअरी एकच उरली आहे, चेडर गॉर्ज चीज कंपनी. तिथं काचेपलीकडून काम बघता येतं. सकाळी लवकर जा. दूध सकाळी ओततात, दुपारी फक्त धुतलेल्या टाक्या दिसतात.

काय बघायचं ते कळलं तर काचेपुढचा अर्धा तास वाया जात नाही. दूध तीस अंशांच्या आसपास कोमट करून त्यात विरजण आणि मग रेनेट, म्हणजे दूध साकळवणारं द्रव्य, घालतात. तासाभरात ते थरथरतं, अगदी खरवसासारखं. तारांच्या चौकटीनं ते वाटाण्याएवढं कापतात, हलवत हलवत चाळीस अंशांच्या जवळ नेतात आणि निवळी सोडून देतात. यापुढचं काम चेडरचं खास: उरलेल्या चोथ्याच्या वड्या पाडून त्या एकावर एक रचायच्या, थोड्या वेळानं उलटायच्या, पुन्हा रचायच्या. स्वतःच्या वजनानंच निवळी पिळून निघते, आंबटपणा वाढतो आणि तुकडा तोडला तर शिजवलेल्या कोंबडीच्या छातीसारखे तंतू दिसतात. मग तो दळून, दोन टक्क्यांच्या आसपास मीठ लावून साच्यात दाबतात. पारंपरिक गोळा सुमारे २७ किलोचा, गुळाच्या मोठ्या रव्यासारखा. किलोला दहा लिटर दूध धरलं तर एका गोळ्यात २७० लिटर. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर उभं राहून धारोष्ण पिणाऱ्याला या हिशोबावरून किंमत का चढते ते लगेच उमगेल. काही गोळे गुहेतच मुरवले जातात, कारण तिथला गारवा आणि दमटपणा वर्षभर बदलत नाही.

शाकाहारी आणि जैन मंडळींनी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, रेनेट. पारंपरिक रेनेट वासराच्या पोटातलं असतं. 'व्हेजिटेरियन' चिठ्ठी असलेल्या चीजमध्ये ते वनस्पतीचं किंवा बुरशीपासून काढलेलं असतं. दुसरी सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: जुन्या पद्धतीच्या गोळ्याला कापड गुंडाळताना ते डुकराच्या चरबीनं चिकटवतात. 'क्लॉथबाउंड' लिहिलेलं असेल तर कशानं चिकटवलंय ते काउंटरवर विचारा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. हा प्रश्न तिथं रोज विचारला जातो.

चव घेताना 'माइल्ड'पासून सुरू करून 'व्हिंटेज'वर संपवा. उलटं गेलात तर नंतरचं सगळं मेणासारखं लागतं. जुन्या चीजमध्ये दाताखाली कचकच करणारे पांढरे कण येतात. ती बुरशी नव्हे, मुरताना जमलेले स्फटिक आहेत, आणि चांगल्या मुरवणीची खूण मानतात. शंभर-दीडशे ग्रॅमचे दोन तुकडे घ्या. रंगीत मेणात बुडवलेले गोंडस छोटे गोळे शेजारच्या दुकानांत रांगेनं मांडलेले असतात. किलोचा भाव काढून बघा, बहुतेक वेळा तो सुट्या तुकड्यापेक्षा चढा निघतो. आतलं चीजही लसूण नाहीतर मिरची घालून दडपलेलं. मिरचीचं म्हणाल तर त्यांच्या 'हॉट'ला आपण सौम्यही म्हणणार नाही. घरी नेलेल्या साध्या चीजवर चिमूटभर कांदा-लसूण चटणी टाकून टोस्ट भाजा, तो जास्त बरा.

कोल्हापूरपर्यंत आणायच्या फंदात पडू नका. दुग्धजन्य पदार्थांवर कस्टमचे नियम आहेत, आणि दीड दिवसाच्या प्रवासात चरबी सुटून तुकडा घामेजतो. तिथंच संपवा. कापलेला तुकडा प्लॅस्टिकमध्ये नको, बटर पेपरमध्ये गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा आणि खाण्याआधी तासभर बाहेर काढा.

दुपारचं जेवण चेडरमध्ये उरका किंवा वेल्सच्या बाजारात. बहुतेक पबची स्वयंपाकघरं अडीचच्या सुमारास थांबतात. 'प्लाउमन्स लंच' म्हणजे पाव, चीज, सफरचंद आणि काळपट गोड लोणचं. त्याला ते पिकल म्हणतात, तिखट असेल या आशेनं घास मोठा घेऊ नका. बरोबर हॅम आहे का, ते आधी विचारा. कॉर्निश पेस्टीत गोमांस असतं, शाकाहारी हवी तर चीज-कांद्याची मागा. 'सायडर' हा सफरचंदाचा रस नव्हे, त्यात बिअरइतकी किंवा जास्त दारू असते, आणि 'स्क्रम्पी' त्याहून कडक. आजोबांच्या हातात थंडगार रस म्हणून ग्लास देण्याआधी बाटली वाचा. 'क्रीम टी' मात्र बिनधास्त घ्या: चहाबरोबर स्कोन (केकसारखा छोटा पाव), जॅम आणि आपल्या घट्ट सायीची थेट बहीण शोभेल अशी क्लॉटेड क्रीम.

वेल्सला गाडी लावून बाजारचौकात आलात की पायाखाली बघा. हाय स्ट्रीटच्या कडेच्या पन्हळीतून झुळझुळ पाणी वाहतं. बिशप बेकिंग्टननं १४५१ मध्ये बिशपच्या वाड्यातल्या झऱ्यांचं पाणी गावाला दिलं, त्याची ही खूण. गावाचं नावच त्या झऱ्यांवरून पडलंय. बाजार फार मोठा नाही, कपिलतीर्थ मंडईच्या एका कोपऱ्याएवढा. पाव, चीज, फुलं, भाजी. पण चौकातून दोन कमानी निघतात, एक वाड्याकडं आणि एक कॅथेड्रलकडं, त्या दोन्ही पंधराव्या शतकातल्या.

कॅथेड्रलच्या दर्शनी भिंतीपुढच्या हिरवळीवर आधी दहा मिनिटं बसा. तेराव्या शतकातल्या सुमारे तीनशे मूर्ती अजून कोनाड्यांत उभ्या आहेत. आपल्याकडं देवळाच्या बाह्यांगावर मूर्ती सगळीकडून फिरतात. इथं त्या एकाच भिंतीवर, एखाद्या पडद्यासारख्या लावलेल्या. ऊन दुपारनंतर या पश्चिमेच्या भिंतीवर येतं, म्हणूनही वेल्स दुपारी.

आत शिरताच समोर दगडाची प्रचंड कैची दिसते, एक कमान सरळ आणि तिच्यावर दुसरी उलटी. ती नक्षी म्हणून घातलेली नाही. १३१३ नंतर मधला मनोरा उंच केला, वजन वाढलं, पाया एका बाजूला खचू लागला आणि तडे गेले. १३३८ ते १३४८ या दहा वर्षांत गवंडी विल्यम जॉय यानं मनोऱ्याच्या तीन बाजूंना अशा कमानी घालून वजन खांबांच्या पायथ्याकडं वळवलं. चौथ्या बाजूला आधीच आधार होता. आज सातशे वर्षं होत आली, मनोरा जागचा हललेला नाही. खिद्रापूरच्या स्वर्गमंडपात दगडी वर्तुळ तोलून धरलेलं पाहिलेल्या माणसाला इथं जरा जास्त वेळ लागेल, तो लागू द्यावा.

डाव्या हाताला, उत्तरेच्या बाजूला, घड्याळ. १३९० च्या सुमाराचं. तबकडीवर बारा नव्हे, चोवीस तास, आणि चंद्राचं वयही, म्हणजे अमावास्येपासूनचे दिवस, दाखवलेलं. दर पंधरा मिनिटांनी वरच्या खिडकीत घोडेस्वार फिरतात आणि एकच स्वार प्रत्येक फेरीत आडवा पडतो, सहाशे वर्षांहून जास्त काळ तोच. त्याच भिंतीवर उजवीकडं वर जॅक ब्लँडिफर नावाचा बाहुला बसलाय. तो टाचांनी दोन घंटा मारतो, तिकडं बघायचं सगळे विसरतात. पाव तासाच्या तीन मिनिटं आधी जागा धरा, नाहीतर पुढच्यांची डोकीच दिसतील. मूळ यंत्र लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.

तिथून चॅप्टर हाउसचा, म्हणजे कॅथेड्रलच्या धर्मगुरूंच्या बैठकीच्या दालनाचा, जिना. पायऱ्या इतक्या झिजल्यात की कडा राहिलेली नाही, वरून पाहिलं तर पाण्याच्या लाटा वाटतात. भिंतीकडून चढा, उतरताना काठी हातात हवी. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी खालूनच बघावं, ते दृश्य तसंही खालूनच देखणं आहे.

मागं व्हिकर्स क्लोज ही गल्ली. १३४८ पासून पुढं कॅथेड्रलच्या गायकांसाठी बांधलेल्या घरांच्या दोन समोरासमोरच्या रांगा, आणि वर छोटं देवघर. गल्ली वर जाता जाता किंचित अरुंद होते, त्यामुळं खालून ती आहे त्याहून लांब दिसते. वरून खाली बघा, तीच गल्ली एकदम आखूड. घरांत आजही माणसं राहतात. खिडकीत तोंड घालू नका, दारापुढच्या कट्ट्यावर डबा उघडू नका.

बिशपचा वाडा तिकिटाचा आहे. वेळ कमी असेल तर बाहेरच्या खंदकाभोवती फेरी मारा, ती फुकट. खंदकातले हंस भूक लागली की पुलाजवळच्या खिडकीखाली लटकलेली दोरी ओढून घंटा वाजवतात. एकोणिसाव्या शतकात बिशपच्या मुलीनं त्यांना ते शिकवल्याचं सांगतात. पोट भरलेलं असेल तर ते दोरीकडं बघतही नाहीत, तेव्हा नातवंडांना वचन देऊ नका. पाव घालू नका.

साडेचारला थकला असाल तरी लगेच स्टँड गाठू नका. शाळा सुरू असलेल्या दिवसांत कॅथेड्रलमध्ये सव्वापाचच्या सुमारास गायनाची सायंप्रार्थना असते. त्या दिवसाची वेळ दारावरच्या फलकावर बघा. तिकीट नाही, धर्म कुणी विचारत नाही, फोटो मात्र बंद. दहा मिनिटं आधी गेलात तर गायकांच्या जवळच्या लाकडी बाकांवर बसवतात. सगळे उठले की उठायचं, बसले की बसायचं. पाऊण तासात मोकळे व्हाल. स्टँड चालत दहा मिनिटांवर आहे आणि ब्रिस्टलची ३७६ तिथूनच सुटते.